आमच्या मुलांची नावं माइकवरून घ्या : संस्थेच्या विश्वस्तांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ, शालेय समिती आणि मुख्याध्यापिका बाई,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. परळ-लालबागकडच्या लोकांना दोन ओळीत कळेलच, आणि बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल कारण त्यांच्या शाळेतही थोड्याफार फरकाने हेच चाललं असणार.

मी याच शाळेची, १९९८ च्या दहावीची. आता माझी मुलगी आठवीत आहे, तीही मराठी माध्यमात. दादरला एका साड्यांच्या दुकानात हिशोब लिहिते, दिवसभर आकडेच, पत्रबित्र लिहायची सवय नाही. दोनदा शाळेत येऊन गेले, एकदा "बाई मीटिंगला गेल्यात" आणि एकदा "अर्ज देऊन जा". अर्ज दिला. पोच मागितली तर क्लार्क म्हणाले पोच कशाला, घरचीच शाळा आहे. घरचीच आहे म्हणून तर लिहितेय.

१० जानेवारीला रात्री सव्वानऊला ग्रुपवर तुमचं सर्क्युलर आलं. यंदा मराठी माध्यमाचं वार्षिक स्नेहसंमेलन आणि बक्षीस समारंभ होणार नाही. कारणं तीन : हॉलचं भाडं परवडत नाही, पटांगणात बांधकाम चालू आहे, आणि दहावीच्या अभ्यासात व्यत्यय येतो. त्याऐवजी 'गुणवंतांचा सन्मान डिजिटल पद्धतीने'. ग्रुप ओन्ली ॲडमिन, म्हणजे उत्तर द्यायची सोय नाही, खाली नुसते हात जोडलेले इमोजी पडत राहिले. आठवडाभर आधी, ३ जानेवारीला, त्याच ग्रुपवर सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातल्याचे सात फोटो आले होते.

डिजिटल सन्मान म्हणजे काय ते दहा दिवसांनी दिसलं. गेटवर एक फ्लेक्स लागला, त्यावर गेल्या वर्षीच्या दहावीचे पाच चेहरे आणि टक्के. खाली एका कोचिंग क्लासचा लोगो, शाळेच्या नावापेक्षा मोठा. मला त्या पाच मुलांबद्दल काही म्हणायचं नाही, मेहनत केली त्यांनी, पण हजेरीपटावरच्या बाकी सगळ्यांनी वर्षभर काय फक्त बाक उबवले का? आणि तो फ्लेक्स शाळेने लावलाय की क्लासने, हे मला अजून समजलेलं नाही.

आता माझं स्वतःचं सांगते म्हणजे मी का चिडलेय ते कळेल.

आमची चाळ दोन वर्षांपूर्वी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देतो त्यात परळला खोली सोडा, खोलीचा दरवाजाही येत नाही, म्हणून आम्ही दिव्याला राहायला गेलो. सगळ्यांनी सांगितलं मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घाल. तीच नाही म्हणाली. तिला तिची शाळा पाहिजे, तिच्या मैत्रिणी, तिचा खोखो. मग काय, रोज पाचला उठायचं आणि पावणेसहाच्या आसपासची स्लो पकडायची. ज्यांनी दिव्याला सकाळी ट्रेन पकडलीय त्यांना वेगळं सांगायला नको, डोंबिवलीहून गाडी भरूनच येते, दारातल्या बायका "आत जा आत जा" ओरडतात आणि आत जायला जागा नसते. ती दप्तर पोटाशी धरून उभी राहते, परळला उतरते आणि सात दहाच्या घंटेला वर्गात असते. जुलैत एक दिवस पाणी भरलं, गाड्या थांबल्या, तेव्हा सायनपासून चालत आली. शाळा सुटली होती तरी आली, शिपाईमामांनी तिला बसवून चहा पाजला.

तर या पोरीची वर्षभरात एक गैरहजेरी नाही. एक म्हणजे एक नाही. पहिल्या पाचात ती कधी येणार नाही, मला माहितीय, गणितात पस्तीस-चाळीसच्या घरात असते. पण पूर्ण हजेरीचं बक्षीस आमच्या वेळेपासून होतं, एक पुस्तक आणि स्टेजवर नाव. ते तिला पाहिजे होतं. जूनपासून म्हणत होती, आई मी यंदा घेणार. सर्क्युलर वाचून मला विचारते, हजेरीचं पण नाही का? मी म्हटलं बघू. बघू म्हणजे नाही हे आता तिला समजतं.

माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे. त्यावर शाळेचं नाव आणि 'इ. ७ वी, धावणे १०० मी., द्वितीय, १९९५' असं घातलंय. दुसरा नंबर हां, पहिला नाही. तो डबा लग्नानंतरही माझ्याबरोबर आला आणि आज मुलगी त्यात पोळीभाजी नेते. झाकण सैल झालंय, रबर लावून नेते. त्या दिवशी माझं नाव माइकवरून घेतलं तेव्हा माझे वडील मागे उभे होते, नाइट शिफ्ट करून गिरणीतून थेट आलेले, शर्टाला कापूस. त्यांनी माझं नाव तसं मोठ्याने, हजार माणसांत, दुसऱ्या कुणाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घरी येताना काही बोलले नाहीत, फक्त वडापाव दोन घेतले. एरवी एकच घ्यायचे.

फ्लेक्सवर हे होत नाही हो बाई.

आता तुमच्या कारणांकडे येते, एकेक घेऊन.

पहिलं, हॉलचं भाडं. मान्य आहे, हॉल महाग झालेत. आमच्या वेळी संमेलन दामोदर हॉलला व्हायचं, तोही २०२३ च्या शेवटी पुनर्विकासासाठी बंद झाला, ते दुःख वेगळंच. पण हॉल पाहिजे कुणाला? जूनमध्ये प्रत्येक पालकाकडून 'स्नेहसंमेलन व उपक्रम' म्हणून ३५० रुपये घेतलेत, पावती आहे माझ्याकडे. संमेलन नाही, सहल फक्त पाचवी-सहावीची गेली, मग बाकीच्यांचे पैसे कुठे आहेत? आरोप करत नाहीये. मी हिशोब लिहिणारी बाई आहे, जमा दिसली की खर्चाचा रकाना शोधते, सवयच आहे.

दुसरं, पटांगण. अर्ध्या पटांगणात पत्रे लावलेत हे खरं. पण उरलेल्या अर्ध्यात २६ जानेवारीचं झेंडावंदन झालं ना? सगळी शाळा मावली, पाहुण्यांचं भाषण पस्तीस मिनिटं चाललं, दोन मुली चक्कर येऊन पडल्या. तिथेच दोन तास बक्षीस समारंभ होऊ शकत नाही? आणि लालबाग-परळमध्ये बसून 'स्टेजची सोय नाही' म्हणताना जरा इकडेतिकडे बघा तरी! इथे गल्लीगल्लीत मंडप उभारणारी माणसं राहतात. आमच्या ९८ च्या बॅचमधला एकजण साऊंडचा धंदा करतो, एकाचं डेकोरेशनचं गोडाऊन आहे. दोघांना विचारलंय, दोघेही फुकट देतो म्हणालेत.

तिसरं, दहावीचा अभ्यास. हे कारण वाचून मला खरंच राग आला. बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, मुलं टेन्शनमध्ये असतात, सगळं कबूल. पण म्हणून पाचवी ते नववीचा समारंभ रद्द? तो मार्चमध्ये घ्या, वार्षिक परीक्षेच्या आधी, दहावीला बोलावूच नका. आणि दहावीची एवढी काळजी असेल तर एक वेगळंच विचारते. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ मार्क वाढतात, बी ला ५, सी ला ३. खेळाडूंना क्रीडा गुण असतात. हे मार्क मुलाला आपोआप मिळत नाहीत, प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो. यंदाच्या मुलांचे प्रस्ताव गेले का, किती गेले, कुणाचे राहिले, हे विचारायला तीन पालक आले होते, तिघांना तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. अभ्यासात व्यत्यय नको म्हणणाऱ्या शाळेने एवढं तरी नोटीस बोर्डावर लावावं. पूर्वी चित्रकलेच्या बाई स्वतःच्या हाताने ग्रेडची यादी लिहून लावायच्या, रंगीत खडूने, कडेला वेलबुट्टी काढून. मुलं गर्दी करून नाव शोधायची, बोटं लावून लावून ए ग्रेडवाले पुसून जायचे.

आणि चौथं, जे सर्क्युलरमध्ये नाहीच. आपल्याच संस्थेच्या, आपल्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या इंग्रजी माध्यमाचा ॲन्युअल डे १८ जानेवारीला झाला. एसी नाट्यगृहात. इव्हेंटवाले होते, ड्रोन होता, ज्यांना नाचायचं त्यांच्याकडून १८०० रुपये घेतले. त्यांचं झालं याचं वाईट नाही वाटत, त्यांची पोरंही आमचीच, माझ्या भावाची मुलगी त्यात फुलपाखरू झाली होती, मी स्वतः जाऊन टाळ्या वाजवल्या. पण त्याच विश्वस्तांनी तिथे स्टेजवर बसून सत्कार घेतला ज्यांनी आठ दिवस आधी आम्हाला हॉल परवडत नाही म्हणून लिहून पाठवलं. खालच्या मजल्यावरची मुलं खिडकीतून वरच्यांचे ड्रेस घेऊन आलेले टेम्पो बघत होती. तिसरीतला एक मुलगा सरांना विचारत होता म्हणे, सर आपली पण गाडी येणार का.

दरवर्षी म्हणता मराठी माध्यमाचा पट कमी होतोय, पालक येत नाहीत, तुकडी बंद करावी लागेल. कसे येतील? नाव घालायला आलेला माणूस गेटवर काय बघतो? वर लाइटिंग आणि खाली फ्लेक्स.

तुम्हाला कदाचित खरंच माहीत नसेल की यंदा मराठी माध्यमात काय काय घडलंय, कारण कुणी सांगितलंच नाही, म्हणून मीच सांगते. मुलीकडून आणि इतर पालकांकडून गोळा केलंय.

सहावीतली एक मुलगी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी पास होऊन प्रॅक्टिकलला पोचली. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची ही परीक्षा १९८१ पासून चालू आहे, सहावी आणि नववीला असते, आणि लेखी निघाली तरी पुढे प्रॅक्टिकल, मग प्रकल्प आणि मुलाखत. मोठमोठ्या शाळांची मुलं या परीक्षेसाठी हजारो रुपये भरून क्लास लावतात. या मुलीची आई पोळीभाजीचे डबे देते. आपली प्रयोगशाळा बांधकामामुळे कुलूपबंद, म्हणून विज्ञानाच्या सरांनी घरून परीक्षानळ्या, लिटमस आणि भिंग आणून स्टाफरूमच्या टेबलावर तिची तयारी करून घेतली. पदक मिळेल न मिळेल. पण या शाळेत प्रयोगशाळा नसताना एक मूल तिथपर्यंत गेलं आणि ते तिच्या वर्गाबाहेर कुणालाही माहीत नाही! २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा फलक लिहाल, रामन परिणाम १९२८ म्हणून, बरोबर आहे, लिहाच, पण त्याच्या खाली हिचंही नाव येऊ द्या.

मुलींच्या खोखोच्या टीमने विभागात सेमीफायनल गाठली. सराव कुठे करतात? आपलं मैदान पत्र्याआड, म्हणून नरे पार्कला, ते पण मोठी मुलं क्रिकेटला येईपर्यंत. खांब म्हणून दोन दप्तरं उभी करायची आणि पळायचं. गेल्या वर्षी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खोखो वर्ल्डकप झाला, आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कॅप्टन, फायनलला नेपाळला ७८-४० ने हरवलं, तेव्हा शाळेच्या ग्रुपवर तुमचा अभिनंदनाचा मेसेज आला होता, तिरंग्यासकट. छान वाटलं. स्वतःच्या शाळेच्या बारा मुली सेमीफायनलला पोचल्या तेव्हा मात्र मेसेज नाही. मुलींनीच पीटीच्या सरांना पैसे काढून उसाचा रस पाजला.

पाचवी-आठवीची मुलं फेब्रुवारीत शिष्यवृत्तीला बसतायत. दीडशे-दीडशे मार्कांचे दोन पेपर एकाच दिवशी. त्यांना सकाळी जादा तास कोण घेतं माहितीय? गेल्या वर्षी रिटायर झालेल्या बाई, बिनपगारी. त्यांचंही नाव कुठे नाही.

आणि असंच किरकोळ किरकोळ. नववीतल्या एकाने वाचनालयातली फाटकी पुस्तकं सुट्टीत बसून चिकटवली, खळ घरून आणली. सातवीतला एक मुलगा वर्गातल्या न दिसणाऱ्या मित्राला रोज हात धरून जिन्यावरून नेतो-आणतो, त्याला कुणी सांगितलेलं नाही. एकजण ढोलकी काय वाजवतो! दुपारी बाकावर वाजवतो आणि रोज शिक्षा खातो, वर्षातून एकदा संमेलनात त्याच वाजवण्याला टाळ्या मिळायच्या, ते पण तुम्ही काढून घेतलंत.

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागीदारी केली, सचिनच्या ३२६ आणि कांबळीच्या ३४९, दोघे नाबाद. ती शाळेचीच मॅच होती ना, हॅरिस शील्डची? कुणीतरी बसून एकेक रन वहीत लिहिली म्हणून आज आपण आकडा सांगतो. आपल्या पोरांतून सचिन निघेल असं मी म्हणत नाही, मला निघायलाही नकोय, मला फक्त ती वही पाहिजे. आपल्या शाळेत ती वही होती. 'गौरव नोंद' म्हणून लाल कापडी बांधणीची, ऑफिसच्या काचेच्या कपाटात असायची. शेवटची नोंद २०१९ ची आहे, मी बघून आलेय. करोनात थांबलं ते थांबलंच.

शिक्षकांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या त्यांनाच ओरडा पडेल. त्यांना निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, हे ॲप ते ॲप, त्यातून शिकवायचं. तरी त्यातल्या चौघांनी मला खाजगीत सांगितलं की आम्ही संमेलन करायला तयार होतो, आम्हाला विचारलंच नाही. पालक-शिक्षक संघालाही विचारलं नाही. संघाची शेवटची सभा ऑगस्टमध्ये झाली, तीत शाळेच्या रंगाचा विषय होता.

तर आमचं मागणं काय आहे ते सांगते. हे माझं एकटीचं नाही, खाली ६३ पालकांच्या सह्या आहेत, बऱ्याचशा ट्रेनच्या वेळा सांभाळून गेटवर उभं राहून घेतल्यात.

१. मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी एका शनिवारी सकाळी, पटांगणातच बक्षीस समारंभ घ्या. हॉल नको, ड्रोन नको, पाहुणे एक पुरे, भाषण दहा मिनिटं.

२. ज्या मुलाने जे केलं त्याचं नाव माइकवरून घ्या. मार्क, खेळ, चित्रकला, स्पर्धा, पूर्ण हजेरी, आणि वर्गशिक्षक सुचवतील ते. बक्षीस पेन्सिलचं असलं तरी चालेल. नाव मात्र पूर्ण घ्या, आईचं नावही घ्या.

३. पुढच्या वर्षीपासून दोन्ही माध्यमांचा समारंभ एकाच दिवशी, एकाच स्टेजवर. वरच्या मजल्यावरच्यांना ढोलकी ऐकू दे, आमच्यांना फुलपाखरं बघू दे.

४. ३५० रुपयांचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. एक कागद पुरतो, हवा तर मी लिहून देते.

५. दहावीच्या कला आणि क्रीडा गुणांच्या प्रस्तावांची यादी या आठवड्यात लावा. हे सगळ्यात घाईचं आहे, बाकी सगळं राहिलं तरी हे राहू देऊ नका.

६. गेटवरचा फ्लेक्स काढा, किंवा राहू दे पण क्लासचा लोगो कापा.

उत्तर लेखी द्या, २७ फेब्रुवारीच्या आत. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन आहे, दरवर्षीप्रमाणे शाळेत पाहुणे येतील, अमृतातेही पैजा जिंके होईल, मुली नऊवारी नेसून उभ्या राहतील. उत्तर आलं नाही तर आम्ही पालकही येऊ, घोषणाबिषणा काही नाही, मागे उभे राहू आणि पाहुण्यांना हीच यादी वाचायला देऊ. पुढे शिक्षण निरीक्षकांकडे अर्ज करायचा ते ठरलेलंच आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

आपली,
१९९८ ची एक माजी विद्यार्थिनी आणि आठवी 'अ' ची पालक

ता.क. : शिपाईमामांना विचारलं. ५० लेझीम, दोन ढोल आणि पेटी जिन्याखालच्या खोलीत आहेत, पेटीचा एक सूर अडकतो पण वाजते. वाळवी लागलेली नाही. किल्ली तुमच्या ऑफिसात, दाराच्या मागच्या खिळ्याला आहे.